नव्वदची चेरोकी: प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

गाडी आली. १९९० सालची जीप चेरोकी, चार दारांची, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. मीटरवर १ लाख ८७ हजार मैल, म्हणजे तीन लाख किलोमीटर. किंमत १,४०० डॉलर. टो-ट्रकवरून आणावी लागली, कारण थंड असताना पहिल्या स्टार्टरला उठते, पण वीस-पंचवीस मिनिटं चालली की मान टाकते आणि मग तासभर हलत नाही.

विकणारे गृहस्थ डेट्रॉइट आणि टोलिडो या जीपच्या कारखान्याच्या शहराच्या मध्ये राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. गुडघे गेलेत, आता गाडीखाली झोपता येत नाही म्हणून विकली. बुटांच्या खोक्यात १९९६ पासूनच्या सगळ्या पावत्या जपलेल्या. खोकं माझ्या हातात देताना म्हणाले की इंजिन कधी उघडलेलं नाही, उघडू नकोस. पावत्या चाळल्या. खरंच, इंजिनाच्या पोटातल्या कामाची एकही नाही.

संध्याकाळी ड्राइव्हवेवरच पूजा केली. झेंडू भारतीय दुकानात मिळाला, आपट्याची पानं कुठून मिळणार. बॉनेटवर हळदकुंकू, पुढच्या चाकापाशी नारळ. इंदापूरला अण्णांना व्हिडिओवर दाखवलं. अण्णा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते, उजनी धरणाचं काम चालू होतं तेव्हापासून. आमच्या घरात 'गाडी' हा शब्द नंतर आला, आधी 'जीप' होता. अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ही जीप कसली रे, हिला तर वर छप्पर आहे."

या नोंदी स्वतःसाठी ठेवतोय. पण इकडे आलेल्या आपल्या लोकांपैकी कुणी जुनी जीप घ्यायचा विचार करत असेल, तर त्यांनाही उपयोगी पडाव्यात. "जीप भरवशाची असते का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. उत्तर मलाही शोधायचंय.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवसभर पाहणी. चारही स्टँडवर गाडी उचलून खाली झोपलो. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने जे व्हायचं ते झालंय. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तर बोट आरपार. दारांखालच्या पट्ट्या दोन्हीकडे खाल्लेल्या. पण मुख्य तुळया, म्हणजे बॉडीच्या पोटातून पुढून मागे गेलेल्या पेटीसारख्या दोन लांब तुळया, हातोडीने ठोकून पाहिल्या. सगळीकडे खणखणीत आवाज. हे महत्त्वाचं. या गाडीला जुन्या जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी आणि चासी एकच आहे. तुळया कुजल्या असत्या तर गाडी भंगारातच द्यावी लागली असती.

मग टॉर्च घेऊन एकेक सुटा भाग वाचत बसलो. वाचत म्हणजे अक्षरशः. ओतीव आकडे, शिक्के, पाट्या. दोन तासांनी लक्षात आलं की ही गाडी एका कंपनीची नाहीच.

इंजिनाचा ठोकळा विस्कॉन्सिनमधल्या केनोशाचा. उजव्या बाजूला दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या सपाट जागेवर तारीख ठोकलेली असते: पहिला अंक वर्षाचा, पुढचे दोन महिन्याचे. तारेच्या ब्रशने घासल्यावर ती दिसली. केनोशाचा तो गाड्यांचा धंदा आधी जेफरींचा, १९१६ पासून नॅशचा आणि १९५४ मध्ये नॅश व हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाली तेव्हा तिचा. या सहा सिलिंडरच्या घराण्याचं मूळ अमेरिकन मोटर्सच्या १९६४ च्या इंजिनात आहे. चार लिटरची आवृत्ती १९८७ ला आली.

इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणारी यंत्रणा 'रेनिक्स'. नाव रेनॉ आणि बेंडिक्स मिळून झालेलं. अमेरिकन मोटर्स पैशाच्या अडचणीत आली तेव्हा फ्रान्सच्या रेनॉने तिच्यात मोठा हिस्सा घेतला होता, त्याची ही खूण. गिअरबॉक्स जपानी, ऐसिन-वॉर्नरचा. पुढच्या ॲक्सलच्या गोळ्यावर ३० हा आकडा ओतलेला, म्हणजे डेनाचा ॲक्सल, आणि डेना तर टोलिडोचीच. फोर बाय फोरची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणारी पेटी, न्यू प्रोसेसची, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजची.

आणि गाडी विकली कुणी? क्रायस्लरने. त्यांनी ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्स विकत घेतली. क्रायस्लरचे प्रमुख ली आयकोका यांना त्यातलं खरं तर जीपच हवं होतं. माझी गाडी त्यानंतर तीन वर्षांनी बनली, तरी तिच्या पोटात क्रायस्लरचं म्हणावं असं फारच थोडं आहे. ट्रान्सफर केस तेवढी त्यांची म्हणता येईल, कारण न्यू प्रोसेस आधीपासून क्रायस्लरच्या मालकीची होती. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माल पुरवता पुरवता त्यांनी शेवटी प्रतिस्पर्धीच घेतला.

मालक बदलला तरी गाडीतला लोखंडी भाग लगेच बदलत नाही. जुन्या मालकाचे निर्णय पुढची पाच-दहा वर्षं रस्त्यावर धावत राहतात. भरवशाचा प्रश्न इथून धरायला हवा असं आज वाटलं.

२ नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

काम नाही. घरी पाहुणे. पण अण्णांशी फोनवर तासभर जीप.

अण्णांकडे होती ती सीजे-३बी, उंच बॉनेटची. मी कधी विचारच केला नव्हता की बॉनेट एवढं उंच का. आता माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये ती बनवणाऱ्या विलीज कंपनीचं 'गो डेव्हिल' इंजिन होतं, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर, दोन्ही झडपा बाजूला. पुढे त्याच ठोकळ्यावर 'हरिकेन' आलं, त्यात हवा आत घेणारी झडप वर हेडमध्ये नेली. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही. मग १९५३ मध्ये नवी गाडी घडवण्याऐवजी त्यांनी बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत विलीजच्या जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली होती. हळूहळू भाग इथेच बनू लागले, आणि हा उंच बॉनेटचा चेहरा आपल्याकडे कितीतरी दशकं जास्त टिकला. धरणावर, पोलीस ठाण्यात, साखर कारखान्याच्या फाटकात आम्ही जी जीप पाहिली, ती हीच.

अण्णांना विचारलं, तुमची जीप भरवशाची होती का? ते म्हणाले, "रोज सकाळी ग्रीस गन घेऊन खाली झोपायचो. पाटे, शॅकल, टाय रॉड, एकही निप्पल सोडायचो नाही. मग दिवसभर कुठं अडत नव्हती. माझ्या सुट्टीत दुसरा ड्रायव्हर आला की आठ दिवसांत आवाज करायला लागायची." पहिला गिअर टाकायला गाडी पूर्ण थांबवावी लागे, बॅटरी बसली तर हँडल मारावं लागे. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं. जीप चालवायची म्हणजे हे आलंच, अशा सुरात.

२४ नोव्हेंबर, रविवार

गरम झाल्यावर बंद पडण्याचं कारण सापडलं.

रेनिक्सची एक अडचण म्हणजे ती काही सांगत नाही. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा नाही, बिघाडाचे कोड साठवून ठेवायची सोय नाही. मल्टिमीटर घेऊन एकेक तार तपासायची. मला हे आवडलं. यंत्र समजून घेतल्याशिवाय इथे गत्यंतर नाही.

फ्लायव्हीलपाशी, गिअरबॉक्सच्या तोंडावर, एक चुंबकीय सेन्सर असतो. फ्लायव्हीलच्या खाचा त्याच्यासमोरून जातात तसे त्यात बारीक झटके उठतात, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की क्रँक कुठवर फिरलाय. स्टार्टर मारताना त्यातून साधारण अर्धा व्होल्ट एसी यायला हवा. थंड असताना माझा ०.४८ दाखवत होता, कसाबसा. गाडी गरम करून, बंद पडल्यावर लगेच मोजला: ०.३१. एवढ्या क्षीण इशाऱ्यावर कॉम्प्युटर ठिणगीच देत नाही. थंड झाला की पुन्हा शुद्धीवर येतो. जुनी चेरोकी ठेवणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं तोंडपाठ आहे. चालत्या गाडीने रस्त्यात दगा दिला असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या गोष्टीत खलनायक हा अंगठ्याएवढा सेन्सर असतो.

खोक्यातल्या पावत्यांवरून दिसतं की हा सेन्सर २००३ मध्ये एका गॅरेजने बदलला होता, आणि सगळ्यात स्वस्तातला बसवला होता. म्हणजे दोष मूळ गाडीचा धरता येत नाही. एकवीस वर्षं चालला हेच पुष्कळ. नवा मागवलाय.

१४ डिसेंबर, शनिवार

सेन्सर बसवला. लिहायला तीन शब्द, करायला पाच तास. दोन बोल्ट आहेत, पण ते इंजिनाच्या मागे, बॉडीच्या भिंतीला चिकटून. वरून हात जात नाही. खालून, ट्रान्सफर केसच्या बाजूने, दोन फुटांचं एक्स्टेन्शन आणि टोकाला हलता सांधा लावून, आरशात बघत खोलायचे. एक बोल्ट निसटून गिअरबॉक्सवर कुठेतरी पडला. चुंबक बांधलेली काडी फिरवत तो काढला.

त्याच वेळी सगळ्या अर्थिंगच्या तारा काढून साफ केल्या. डिपस्टिकच्या नळीपाशी ठोकळ्यावर एक बोल्ट आहे, त्यावर कॉम्प्युटर आणि सेन्सरांच्या अर्थिंगच्या बऱ्याच तारा येऊन जुळतात. तिथे मिठाचा पांढरा-हिरवा थर. अक्षरशः खरवडून काढला. रेनिक्सची यंत्रणा लहरी आहे असं म्हणतात त्यातला अर्धा दोष या बोल्टाचा असावा, असं माझं मत झालंय. नव्या जाड तारा, नवी टर्मिनल, वर ग्रीस.

मोजलं: थंड ०.६२, गरम ०.५७. चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, पाच वेळा बंद करून पुन्हा सुरू केलं. पाचही वेळा पहिल्या स्टार्टरला.

११ जानेवारी २०२५, शनिवार

बाहेर उणे अकरा. गॅरेजमध्ये बोटं लागत नाहीत, म्हणून आज वाचन. 'जीप भरवशाची असते का' या प्रश्नाला मालकांकडून इतकी उलटसुलट उत्तरं का मिळतात, ते मालकीच्या इतिहासाशी लावून पाहिलं.

सुरुवातीपासूनच ही गाडी एका घरातली नाही. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी चारचाकी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टकडून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिला नमुना लष्कराच्या हवाली केला. मग लष्कराने तोच आराखडा विलीज आणि फोर्डलाही दाखवला. विलीजचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांचं इंजिन तिघांत सगळ्यात दमदार, पण गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर. ती मर्यादा २,१६० पौंड होती. त्यांनी गाडी सुटी करून एकेक भाग तोलला, बोल्ट आखूड केले, रंगाच्या थराचंही वजन धरलं. गाडी मर्यादेत बसली, मोठं कंत्राट विलीजला मिळालं, त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांच्या वर. बँटमच्या वाट्याला मुख्यतः ट्रेलर आले. हे वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं.

पुढे जीपचे मालक बदलत गेले: १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर. १९९८ ला क्रायस्लर जर्मनीच्या डायम्लरशी जोडली गेली, २००७ ला सर्बेरस या गुंतवणूक कंपनीकडे गेली, २००९ च्या दिवाळखोरीनंतर फियाटकडे, २०२१ पासून स्टेलांटिस. एवढ्या हातांतून गेलेला दुसरा ब्रँड शोधावा लागेल.

आता भरवसा. माझ्या गाडीचंच कुळ बघा. १९८४ साली चेरोकीचं हे रूप आलं, २००१ पर्यंत टोलिडोत बनलं, एकूण अठ्ठावीस लाखांच्या पुढे. या एकाच मॉडेलमध्ये किती वेगवेगळी नशिबं आहेत! १९८७ ते १९८९ च्या मध्यापर्यंत हाताच्या गिअरची गाडी घेतली असेल तर आत प्यूजोचा गिअरबॉक्स. या इंजिनाचा जोर त्याला पेलत नसे, आणि तो लवकर जातो अशी त्याची ख्याती. तिथून पुढे ऐसिनचा बसवला, तो दणकट. तीच गाडी, तेच वर्ष, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या अगदी उलट. शेवटच्या दोन वर्षांत, २००० आणि २००१ मध्ये, हेडचं ओतकाम बदललं. त्यावर ०३३१ हा आकडा असतो, आणि ती हेड मधल्या सिलिंडरांच्या जागी तडकतात म्हणून बदनाम आहेत. म्हणजे अडीच-तीन लाख मैल इंजिन न उघडता चालवणारा मालक खरं बोलतो, आणि त्याच नावाच्या गाडीत ऑइलमध्ये पाणी सापडलेला मालकही खरं बोलतो.

नंतरच्या काळातही हेच. २०११ पासून जीपमध्ये आलेलं ३.६ लिटरचं व्ही-सिक्स आज एकंदरीत चांगलं मानलं जातं, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या डाव्या हेडमध्ये दोष निघाला आणि कंपनीने त्या भागाची वॉरंटी दहा वर्षं, दीड लाख मैलांपर्यंत वाढवून दिली. २०१४ ची नवी चेरोकी तर नऊ गिअरच्या गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर नीट बसेना म्हणून तयार होऊनही कारखान्याबाहेर थांबवून ठेवावी लागली होती. नव्या मालकाची घाई आणि नवं यंत्र एकत्र आलं की पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक भोगतं. मी घेणार असेन तर कुठल्याही नव्या जीपची तिसऱ्या वर्षाच्या आधीची गाडी घेणार नाही.

सुरक्षेचा भाग वेगळा, आणि तिथे माझं मन इतकं उदार होत नाही. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकी टीव्हीवर सीजे-५ ही तेव्हाची जीप वळणावर उलटण्याच्या चाचण्या दाखवल्या गेल्या आणि देशभर गदारोळ झाला. जून २०१३ मध्ये सरकारी सुरक्षा यंत्रणेने २७ लाख जुन्या ग्रँड चेरोकी आणि लिबर्टी परत बोलवा असं सांगितलं, कारण पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, मागून धडक बसली तर थेट तिच्यावर. कंपनीने आधी नकार दिला, मग सुमारे १५ लाख ६० हजार गाड्यांपुरतं मान्य केलं, आणि उपाय म्हणून मागे ट्रेलर ओढायचा लोखंडी दांडा बसवून दिला. मी टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली गेलो. टाकी ॲक्सलच्या मागेच आहे. ही गाडी त्या यादीत नव्हती, तरी रात्रभर डोक्यात राहिलं. घरच्यांना मागच्या सीटवर बसवून हायवेला न्यायची नाही, हे आज ठरवलं.

२०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावत्या चेरोकीचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला आणि १४ लाख गाड्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. २०१६ मध्ये गिअरच्या दांड्यामुळे जगभरातल्या ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या: दांडा टाकला की परत मधल्या जागी येई, गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला कळत नसे, लोक उतरत आणि गाडी चालू लागे. त्यात माणसं जखमी झाली, निदान एक जण दगावला. अण्णांच्या जीपमध्ये गिअर कुठे आहे हे डोळे मिटून मुठीला कळायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पायाखालचा पत्रा. सीट, गालिचा, त्याखालचा कुजलेला फेल्ट, सगळं बाहेर. आधीच्या कुठल्याशा गॅरेजने भोकावर पातळ पत्रा ठेवून रिव्हेट मारले होते आणि वरून डांबर फासलं होतं. खाली पाणी साचत राहिलं आणि चांगला पत्राही गेला. ग्राइंडरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. भोक तळहाताएवढं वाटलं होतं, निघालं ताटाएवढं.

पुठ्ठ्याचा नमुना कापला, १८ गेजचा पत्रा घेतला, हातोडीने त्याला दोन कडा काढल्या. वेल्डिंग सलग ओढत नेलं तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टाका इथे, एक तिथे, मध्ये थांबत. वेल्डिंग मी डिसेंबरमध्ये भंगार पत्र्यांवर शिकलो. दिसायला सुबक नाही, पण धरलंय घट्ट. वर झिंकचा प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून मेणासारखं गंजरोधक.

१ मार्च, शनिवार

कूलिंग. १९९० पर्यंतच्या या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही. प्लास्टिकची बाटली आहे, तीच दाबाखाली असते, झाकण तिच्यावर. उष्णतेने प्लास्टिक कडक होतं आणि मग तडकतं. पस्तीस वर्षांच्या प्लास्टिककडून आणखी काय अपेक्षा करायची. बरेच मालक ही रचनाच काढून नव्या गाड्यांसारखी झाकणाचा रेडिएटर बसवतात. मी मूळ रचना ठेवली, फक्त बाटली ॲल्युमिनियमची घेतली. जी यंत्रणा पाणी पूर्ण भरलं आणि हवा नीट काढली तर व्यवस्थित चालते, ती बदलायची कशाला.

थर्मोस्टॅटच्या घराचा एक बोल्ट तुटला. हेडमध्ये. चूक माझी, जोर लावला. आधी गरम करायला हवं होतं. ड्रिल मारून, उलट आट्याचं खिळं घालून दोन दिवसांत काढला.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

सकाळी गुढी उभारली आणि दुपारी गाडी गॅरेजबाहेर काढली. ऑइल बदललं, सहा क्वार्ट. इंजिनाचं मागचं सील अजून थेंब-थेंब गळतंय, खाली पुठ्ठा ठेवलाय. ती गळती या इंजिनाच्या बहुतेक सगळ्या मालकांना ठाऊक आहे, आणि रबराचंही वय झालंय. उन्हाळ्यात बघू.

अण्णांना फोन लावून मोबाइल बॉनेटजवळ धरला. त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितलं, फक्त ऐकायचं होतं. मिनिटभर ऐकून म्हणाले, "सहाही बोलतायत. पण पट्टा सैल आहे." पट्टा तपासला. सैल होता.

१९ एप्रिल, शनिवार

पहिल्यांदा हायवेला, एकटा. ताशी पंचावन्न मैलांवर पुलाचा सांधा लागला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. वेग कमी केल्यावर थांबलं. पुढे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत जातो, आणि कुठे सांधा ढिला असेल तर तो धक्का मागे-पुढे होत वाढत जातो. रँग्लर या जीपचे मालक याला मृत्यूचा थरकाप म्हणतात. २०१९ मध्ये कंपनीने नव्या रँग्लरच्या मालकांना स्टिअरिंगचा डॅम्पर बदलून द्यायची मोहीम काढली होती. डॅम्पर थरथर गिळतो, पण ढिला सांधा ढिलाच राहतो. माझ्या बाबतीत तो ट्रॅक बारचा निघाला. हा दांडा ॲक्सलला आडवं सरकू देत नाही. घरी येऊन बायकोला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि खाली झोपून बघत राहिलो. बॉडीकडच्या टोकाला बोटभर खेळ. नवा बार बसवला, चाकं बॅलन्स केली. तोच पूल, तोच वेग, स्टिअरिंग शांत.

परतताना समोरून आलेल्या रँग्लरवाल्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं वर केली. जीपवाल्यांची ही पद्धत. मीही केली.

३ मे, शनिवार

टोलिडोला जाऊन आलो. येऊन-जाऊन सुमारे शंभर मैल. हायवे टाळून गावागावातून गेलो, म्हणून मागे मुलगा होता.

जुन्या कारखान्याच्या जागेवर आता धुराडं तेवढं उरलंय. विटांचं, उंच, वरून खाली ओव्हरलँड अशी अक्षरं. जॉन विलीज यांनी ओव्हरलँड ताब्यात घेऊन शतकापूर्वी इथे आणली, युद्धातल्या जीप इथे बनल्या, अण्णांच्या जीपचं मूळ रूप इथलं. रँग्लर अजून याच शहरात बनते. मुलाने विचारलं की आपली गाडी इथली का. गाडीच्या नंबरातलं अकरावं अक्षर, कारखान्याचं, त्याला दाखवलं, आणि सांगितलं की हो, इथलीच.

विकणाऱ्या गृहस्थांकडे वाटेत थांबलो. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, नवी अर्थिंगची तार बोटाने ओढून पाहिली, काही बोलले नाहीत. मग आत जाऊन एक डबी घेऊन आले. त्यात जास्तीची किल्ली होती, ऑक्टोबरमध्ये द्यायची राहिली होती.

मीटर: १,८७,३१२. ऑइल अर्ध्या क्वार्टने कमी. तापमानाचा काटा घरी पोचेपर्यंत २१० फॅरनहाइटवर. पुढचं काम: मागचं सील, डावीकडची दाराखालची पट्टी, मागचे पाटे.